'क'पासून सुरू होणारे शब्द मागवले, यादीत 'क्षमा' कुठून आली?

कोरी_पाटी (धागाकर्ती)

मंडळी, तीन दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून धागा काढतेय.

मराठी शब्दांची एक सूची पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरली आहे, साधारण तीन लाख ओळी. टेबलाचं नाव शब्दसूची, त्यात 'शब्द' नावाचा टेक्स्ट कॉलम आणि त्यावर इंडेक्स. पडद्यावर वर्णमालेची बटणं आहेत. 'क' दाबला की 'क'चे शब्द दिसावेत, एवढीच अपेक्षा. मागची क्वेरी अशी (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितेय, प्रत्यक्षात रोमनच आहेत; लाईकमध्ये % म्हणजे 'इथे काहीही चालेल'):

सिलेक्ट शब्द फ्रॉम शब्दसूची व्हेअर शब्द लाईक 'क%';

दुखणी तीन.

पहिलं. कमळ, कागद, किरण येतात ते ठीक. पण क्षमा, क्षितिज, क्षुल्लक हेही त्यात घुसतात. 'ज' दाबला तर ज्ञान हजर. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी वेगळे बसतात, माझ्याकडे त्यांची बटणंही वेगळी आहेत. लाईक गडबड करत असेल म्हणून लेफ्ट(शब्द, १) = 'क' करून पाहिलं. तोच निकाल.

दुसरं. इंडेक्स असूनही क्वेरी रेंगाळते. एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) केलं तर सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळतोय.

तिसरं. 'ॲ'च्या बटणाखाली निम्मेच शब्द. बाकीचे टेबलात आहेत, डोळ्यांनी पाहिलेत, पण 'ॲ%' त्यांना हात लावत नाही.

कुठे चुकतंय?

---

अर्धविराम

पहिल्याचं मी सांगतो, बाकीच्यांना जाणकार येतीलच.

डेटाबेस चुकत नाहीये. सिलेक्ट लेंथ('क्षमा') चालवून बघा. आपण दोन अक्षरं मोजतो, उत्तर येईल ५. कारण आत साठवलंय ते असं: क, हलन्ताची खूण, ष, म, काना. 'क्ष' नावाचं वेगळं चिन्ह युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात नाहीच. ते क + ् + ष असं जुळवलेलं असतं आणि फॉन्ट त्याचा एक आकार काढून दाखवतो. ज्ञ तसाच, ज + ् + ञ. त्यामुळे 'क%' म्हणजे 'पहिला कोडपॉइंट (चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) ०९१५, म्हणजे क, असलेलं सगळं', आणि त्यात क्षमा बसतेच. लेफ्टसुद्धा कोडपॉइंटच मोजतो, त्याला आपलं अक्षर कळत नाही.

याची दुसरी बाजू अशी की किरण हा शब्द डोळ्यांना वेलांटीपासून सुरू होताना दिसतो, पण साठवताना आधी क आणि मग वेलांटी. रफारही तसाच. 'अर्क'मध्ये र डोक्यावर बसलेला दिसतो, आत मात्र तो क च्या आधी आहे, म्हणून 'अर%' लिहिलं की अर्क सापडतो. पडद्यावरचा क्रम विसरा, उच्चाराचा क्रम धरा, म्हणजे बहुतेक ठिकाणी हिशेब जुळतो.

तात्पुरता उपाय सोपा:

व्हेअर शब्द लाईक 'क%' अँड शब्द नॉट लाईक 'क्ष%'

'ज'साठी 'ज्ञ%' वगळा. क्र, क्त, क्ल ही जोडाक्षरं 'क'मध्येच राहू द्या, कोशातही ती तिथेच असतात.

---

दुसरी_बाजू

+१. फक्त एक पुस्ती. काही जण श्र आणि त्र ही वेगळी धरतात. मराठीत सहसा नाही, पण सूची कुठल्या कोशावरून भरली आहे त्यावर ठरवा.

आणि 'नॉट लाईक' एकटं वापराल तेव्हा सांभाळून. कॉलम नल (किंमतच न भरलेला) असेल तर लाईकचं उत्तर नल, नॉट लाईकचंही नल, आणि व्हेअरमध्ये नल म्हणजे ओळ बाद. 'क्ष सोडून सगळे' असं मागवलं की रिकाम्या ओळीही गुपचूप गळतात. मोजणी जुळेना म्हणून मी एकदा अर्धा दिवस घालवलाय. इथे आधी 'क%' आहे त्यामुळे नल आधीच बाहेर पडतात, चिंता नाही.

---

पायरी_पायरीने

दुसऱ्या दुखण्याकडे येतो. हे जरा लांबेल.

बी-ट्री इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. छापील कोश उघडून 'कम'चे शब्द शोधताना तुम्ही काय करता? मधलं पान उघडता, पुढे-मागे सरकता, 'कम' जिथे सुरू होतं तिथे बोट ठेवता आणि संपेपर्यंत वाचत जाता. 'कम'वाले सगळे शब्द सलग बसलेले असतात म्हणून हे जमतं. शब्दाचा शेवट माहीत असेल आणि सुरुवात नसेल, तर तोच कोश पहिल्या पानापासून चाळावा लागतो. म्हणून 'कम%' ला साधा इंडेक्स कामाचा आणि '%कम' ला निरुपयोगी. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

गोम अशी की यादी कोणत्या क्रमाने लावली आहे? पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस तयार करताना जे कोलेशन (मजकूर क्रमाने लावण्याचे नियम) ठरतं, त्या क्रमाने. भाषेप्रमाणे क्रम लावणारी कोलेशनं एकेक चिन्ह सरळ सरळ ताडत नाहीत. ती अनेक फेऱ्यांत तुलना करतात. आधी मूळ अक्षरं, मग वरच्या खुणा, मग लहान-मोठी लिपी, आणि काही कोलेशनं पहिल्या फेरीत विरामचिन्हं सोडूनच देतात. अशा क्रमात 'ने-आण' हा शब्द 'ने-'च्या गटात न राहता मधली रेघ नसल्यासारखा दुसऱ्याच शब्दांमध्ये जाऊन बसू शकतो. मग 'ने-'पासून सुरू होणारे शब्द सलग असतील याची हमी कोण देणार? पोस्टग्रेस ती हमी घेत नाही आणि लाईकसाठी असा इंडेक्स बाजूला ठेवतो. सी कोलेशन असेल तर मात्र चिन्हांचे कोड थेट ताडले जातात आणि साधा इंडेक्सही चालतो.

डेटाबेसचं कोलेशन आता बदलणं म्हणजे मोठा उपद्व्याप. त्याऐवजी कोडच्या क्रमाने लागणारा वेगळा इंडेक्स करा:

क्रिएट इंडेक्स शब्द_सुरुवात ऑन शब्दसूची (शब्द टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स);

मग 'कम%' ला एक्स्प्लेन पाहा. इंडेक्स कंडिशनमध्ये साधारण असं दिसेल:

(शब्द ~>=~ 'कम') अँड (शब्द ~<~ 'कय')

ही ओळ नीट बघण्यासारखी आहे. लाईक कुठे गेला? प्लॅनरने (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाने) 'कम' घेतलं, त्यातल्या शेवटच्या 'म'ला एकाने पुढे ढकलून 'य' केलं (०९२ई नंतर ०९२एफ) आणि 'कमपासून कयच्या अलीकडे' अशी रेंज बनवली. लाईकचा सगळा वेग या एका युक्तीत आहे. ती चालायला सुरुवातीचा तुकडा पक्का माहीत असावा लागतो आणि यादी कोडच्या क्रमाने लागलेली असावी लागते.

लेफ्ट(शब्द, १) = 'क' मंद का, तेही यातच आलं. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की शब्दाची यादी उपयोगाची राहत नाही, लेफ्टच्या उत्तरांची वेगळी यादी लागते. लोअर(नाव) लाईक 'अबक%' लिहिणाऱ्यांचं हेच होतं. तिथे इंडेक्सही लोअर(नाव) वरच करावा लागतो, तोही पॅटर्न ऑप्स लावून.

जुना इंडेक्स काढू नका. ऑर्डर बाय शब्द, किंवा साधं लहान-मोठं ताडणं, याला तोच लागेल. नवा फक्त सुरुवात जुळवायला. बरोबरी दोन्हींना जमते.

---

कोरी_पाटी

@अर्धविराम, लेंथ ५ आली! इतकी वर्षं टाईप करतेय, कधी मोजून पाहिलं नव्हतं.

@पायरी_पायरीने, इंडेक्स केला. 'कम%' आता बटण दाबायच्या आत येतं. एक्स्प्लेनमधली ओळ तुम्ही लिहिली तशीच. पण नुसत्या 'क%' ला अजून इंडेक्स स्कॅन येत नाही, बिटमॅप काहीतरी येतं. आणि 'स%' ला तर पुन्हा सिक्वेन्शियल. इंडेक्स बिघडला का?

---

पायरी_पायरीने

नाही, प्लॅनर हिशेबी आहे. 'स'चे शब्द ढिगाने असणार. इतक्या ओळी हव्या असतील तर इंडेक्समधून एकेक पत्ता काढून टेबलात उड्या मारण्यापेक्षा टेबलच सलग वाचलेलं स्वस्त. बिटमॅप हा मधला मार्ग: आधी इंडेक्समधून सगळे पत्ते गोळा करायचे, ते टेबलाच्या पानांच्या क्रमाने लावायचे, मग एकेक पान एकदाच उघडायचं.

तसंही 'स'चे सगळे शब्द एका पडद्यावर कोण वाचणार? पन्नास-पन्नास दाखवा. आणि पुढचं पान ऑफसेटने ('इतक्या ओळी सोडून पुढच्या' असं) मागवू नका. शेवटी दिसलेला शब्द धरा आणि 'त्याच्या पुढचे पन्नास' मागा.

---

नुक्ता

तिसरं दुखणं माझ्या आवडीचं!

'ॲ' दोन प्रकारे टाईप होतो. एक म्हणजे अ आणि त्यावर चंद्र, असे दोन कोडपॉइंट, ०९०५ + ०९४५. दुसरा म्हणजे एकच तयार चिन्ह, ०९७२. हे तयार चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर, आणि नंतरही जुन्या कीबोर्डांवर टाईप केलेला, पहिल्या प्रकारचा असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. लाईकला मात्र ते दोन वेगळे शब्द.

वाईट बातमी ही की युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान मानलेली रूपं एकसारखी करणं) इथे कामाला येत नाही, कारण युनिकोड या दोन रूपांना समान मानतच नाही. बदल हातानेच करावा लागेल. रिप्लेस वापरून अ+चंद्र या जोडीच्या जागी ०९७२ घाला. टेबलात एकदा, आणि शोधायच्या खोक्यातून येणाऱ्या मजकुरावर दर वेळी. एकाच बाजूला केलंत तर आज सापडतंय ते उद्या हरवेल.

नॉर्मलायझेशन जिथे कामाचं आहे ती जागा म्हणजे ऱ. हाही दोन प्रकारे येतो: ०९३१ हे एक चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता. या दोघांना युनिकोड समान मानतं आणि एनएफसी (नॉर्मलायझेशनचा जोडून ठेवणारा प्रकार) केलं की ०९३१ मिळतं. नुक्त्याच्या क़, ख़, ज़ बाबत उलट आहे, एनएफसी त्यांची फोड करून ठेवतं आणि पुन्हा जोडत नाही. हा युनिकोडच्या नियमातला ठरवून ठेवलेला अपवाद आहे, तुमच्या डेटाबेसचा दोष नाही. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाईझ() हे फंक्शन आत आलंय, तेच वापरा.

शेवटचं, अदृश्य जोडणी. 'दऱ्या'मधला र्‍य काही कीबोर्ड ऱ + ् असा देतात, काही र + ् + शून्य रुंदीचं जोडचिन्ह (२००डी) असा. म्हणून 'दऱ्%' ला सगळ्या दऱ्या सापडतीलच असं नाही. 'क्‍ष' असा पाय मोडून मुद्दाम सुटा लिहिलेला क्षसुद्धा त्या जोडचिन्हामुळेच 'क्ष%' ला चकवतो, आणि मग अर्धविराम यांच्या क्वेरीतून सुटून पुन्हा 'क'च्या यादीत येऊन बसतो.

---

अर्धविराम

शेवटचं वाक्य लागलं. मान्य!

---

खिडकीतला_कावळा

माझं काम मोबाईल ॲपमध्ये, एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसवर. तिथेही इंडेक्स असून लाईक सगळं टेबल चाळतं. टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स तिथे नाही. मग?

---

पायरी_पायरीने

तिथलं कारण वेगळं. एसक्यूलाईटचा लाईक मुळात रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरं एकच धरतो, तीही फक्त आस्कीतली (साध्या इंग्रजी अक्षरांच्या संचातली). इंडेक्स मात्र साधारणपणे बायनरी क्रमाचा, म्हणजे त्यात लहान-मोठं वेगळं. दोघांचं जमत नाही म्हणून इंडेक्स बाद. देवनागरीत लहान-मोठं नसतंच, पण नियम लिपी बघून बदलत नाही.

दोन वाटा आहेत. इंडेक्स कोलेट नोकेस लावून करा, किंवा लाईकऐवजी ग्लोब वापरा: शब्द ग्लोब 'क*'. ग्लोबला टक्क्याऐवजी तारा लागतो आणि तो लहान-मोठं पाळतो, त्यामुळे साधा इंडेक्स चालतो. एक्स्प्लेन क्वेरी प्लॅनमध्ये 'स्कॅन' जाऊन 'सर्च' आलं की जमलं समजा.

---

दुसरी_बाजू

घराघराचे रिवाज वेगळे. मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट कोलेशन लहान-मोठंही बघत नाही आणि अक्षरावरच्या खुणाही बघत नाही, त्यामुळे तिथे मागितल्यापेक्षा जास्त ओळी येऊ शकतात. ओरॅकलचा लाईक डीफॉल्टला काटेकोर. ॲक्सेसमध्ये टक्का न चालता तारा चालतो, म्हणून तिथून आलेली क्वेरी दुसरीकडे चिकटवली की शून्य ओळी आणि एररही नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कंस चालतात, '[कखग]%' लिहिलं की तिन्हींपैकी कशानेही सुरू होणारे शब्द मिळतात. हे दुसरीकडे नेलंत तर तो खरोखरच कंसापासून सुरू होणारे शब्द शोधत बसेल.

---

जळलेलं_बोट

अंडरस्कोअरबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून माझी कहाणी.

एका नोकरीत (नाव घेत नाही) चाचणीसाठी घातलेल्या ओळी साफ करायच्या होत्या. सगळ्यांची नावं 'टेम्प_' ने सुरू होणारी: टेम्प_१, टेम्प_यादी, असं. मी लिहिलं:

डिलीट फ्रॉम मांडणी व्हेअर नाव लाईक 'टेम्प_%';

एंटर मारला. जेवढ्या ओळी जायला हव्या होत्या त्याच्या कितीतरी पट गेल्या. लाईकमध्ये अंडरस्कोअर म्हणजे 'कुठलंही एक चिन्ह'. त्यामुळे 'टेम्प्लेट'वाल्या सगळ्या खऱ्या ओळी, ज्यावर लोकांचं काम चालू होतं, त्याही साफ. 'टेम्प'नंतरची हलन्ताची खूण अंडरस्कोअरच्या जागी बसली, पुढचं टक्क्याने गिळलं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता. त्या दिवशीचं काम लोकांनी पुन्हा केलं आणि मला कोणी काही बोललं नाही, जे जास्त लागलं.

आता सवय अशी. आधी बिगिन, मग तीच अट सिलेक्ट काउंटला लावून आकडा बघायचा, मग डिलीट, आकडा जुळला तरच कमिट (बदल पक्का). आणि अंडरस्कोअर खरोखरचा हवा असेल तर:

व्हेअर नाव लाईक 'टेम्प!_%' एस्केप '!'

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ आपोआप एस्केप ('पुढचं चिन्ह जसंच्या तसं घ्या' ही खूण) धरली जाते. ओरॅकल, एसक्यूलाईट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाही. एस्केप स्पष्ट लिहिला की सगळीकडे एकच अर्थ.

---

नुक्ता

बापरे.

शोधायच्या खोक्यालाही हेच लागू, @कोरी_पाटी. वापरणाऱ्याने नुसता % टाईप केला तर तुमच्या तीन लाख ओळी. पॅरामीटर बांधून पाठवलात तरी हे थांबत नाही. त्याने इंजेक्शन (खोक्यातून परकी क्वेरी घुसवणं) टळतं, पण टक्का टक्काच राहतो. पोस्टग्रेसमध्ये स्टार्ट्स_विथ(शब्द, 'क') आहे, ११ व्या आवृत्तीपासून. त्यात टक्का आणि अंडरस्कोअर साधी चिन्हं, एस्केपची कटकट नाही. त्याचंच चिन्हरूप ^@ आहे.

---

पायरी_पायरीने

तिथे आवृत्ती बघा. स्टार्ट्स_विथला बी-ट्री इंडेक्स वापरता येऊ लागला १५ पासून, तोही कॉलमचं कोलेशन सी असेल तरच. त्याआधी ^@ ला एसपी-जिस्ट जातीचा इंडेक्स लागायचा. तुमच्या कॉलमचं कोलेशन भाषेचं आहे, तेव्हा एस्केप करून लाईकच बरा.

---

घाईत_आहे

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ एखादं सर्च इंजिन बसवा की. २०२० नंतर लाईक कोण लिहितं?

---

दुसरी_बाजू

तीन लाख ओळींना? आणि ॲ दोन प्रकारे टाईप झालाय हे तिथे कोण निस्तरणार, इंजिन? मजकूर आत जाताना साफ नसेल तर जिथे ओताल तिथे हेच होणार.

शब्दाच्या मधलं शोधायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी पीजी_टीआरजीएम हा पोस्टग्रेसचा जोडभाग बघेन. तो शब्दाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून ठेवतो, त्यामुळे '%कमळ%' लाही इंडेक्स मिळतो. मात्र तीनपेक्षा कमी चिन्हं दिलीत तर मधल्या शोधात त्याला धरायला काही उरत नाही.

---

घाईत_आहे

बरं बरं. निघतो.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखुणा) साठवल्या. प्रगती सांगते.

ॲ चं रिप्लेस केलं, बटणाखालचे शब्द भरले. शोधायचा खोका टाईप करता करता यादी दाखवतो, तिथे एक गंमत दिसली. 'क्षमा' टाईप करताना आधी 'क' येतो, मग 'क्', मग 'क्ष'. मधल्या 'क्' वर यादीत क्रम, क्लेश, क्षण असं सगळं जोडाक्षरांचं संमेलन भरतं आणि पुढच्या कळीला उधळतं. आता मला ते आवडायला लागलंय, ठेवणार आहे.

पण एक अडलंय. कन्सोलवर तीच क्वेरी झटपट, ॲपमधून कधी झटपट, कधी मंद. का?

---

पायरी_पायरीने

ॲपमधून प्रिपेअर्ड स्टेटमेंट (किंमत मागाहून भरायची तयार क्वेरी) जातं का? शब्द लाईक $१ असं? पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा खरी किंमत बघून प्लॅन बनवतो. नंतर त्याला वाटलं की सगळ्यांसाठी एक सामायिक प्लॅन पुरेल, तर तो घेतो. सामायिक प्लॅन बनवताना $१ मध्ये 'कम%' आहे की '%कम' हे माहीत नसतं, म्हणून म-ला-य करण्याची युक्ती करता येत नाही आणि इंडेक्स सुटतो. त्या जोडणीपुरतं प्लॅन_कॅश_मोड बदलून फोर्स_कस्टम_प्लॅन करून बघा.

---

अर्धविराम

आणि बटणांसाठी दर वेळी लाईक कशाला चालवता? पहिलं अक्षर कधी बदलत नाही. एक जनरेटेड कॉलम घाला, आद्याक्षर नावाचा:

केस व्हेन शब्द लाईक 'क्ष%' देन 'क्ष' व्हेन शब्द लाईक 'ज्ञ%' देन 'ज्ञ' एल्स लेफ्ट(शब्द, १) एंड

पोस्टग्रेस १२ पासून असा साठवलेला कॉलम आपोआप भरला जातो. त्यावर साधा इंडेक्स, बटणाला आद्याक्षर = 'क'. सुरुवातीचा शोध फक्त खोक्यापुरता उरेल.

बटणांचा क्रम मात्र कोडवर सोडू नका. कोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. बटणांचं छोटं टेबल करून त्यात क्रमांक लिहा.

(अवांतर: 'ळ'चं बटण ठेवलंय का हो? ळ पासून सुरू होणारा शब्द दाखवा, प्रतिसाद मागे घेतो.)

---

कोरी_पाटी

फोर्स_कस्टम_प्लॅनने ॲपचा प्रश्न सुटला. 'ळ'चं बटण होतं, आज काढलं. ङ आणि ञ पण.

आद्याक्षर कॉलमवर ग्रुप बाय करून किती कुठे आहेत ते पाहिलं. सगळ्यात वर तीन गट आले ज्यांचं आद्याक्षर दिसतच नाही. मिळून एकोणीस शब्द. आता कळलं हे शब्द कुठल्याच बटणाखाली का नव्हते. ट्रिम चालवलं, तरी एकोणीसच.

---

नुक्ता

ट्रिम फक्त साधी जागा काढतो. सिलेक्ट आस्की(आद्याक्षर) करून आकडा सांगा. नाव आस्की असलं तरी डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये असेल तर ते पूर्ण कोडपॉइंट देतं.

---

कोरी_पाटी

सात ओळींना १६०. अकरांना ८२०३. एका ओळीला ६५२७९.

---

नुक्ता

१६० म्हणजे न तुटणारी जागा, वेबपानावरून कॉपी करताना येते. ८२०३ शून्य रुंदीची जागा, तीही तिथलीच. ६५२७९ फाईलच्या सुरुवातीची खूण, तो तुमच्या मूळ फाईलमधला पहिला शब्द असणार. बीट्रिम(शब्द, ...) मध्ये तिन्ही चिन्हं सीएचआर() ने (आकड्यावरून चिन्ह देणाऱ्या फंक्शनने) जोडून द्या आणि अपडेट करा. कॉलम जनरेटेड आहे, आद्याक्षर आपोआप सुधारेल.

---

कोरी_पाटी

तिन्ही गट गेले. ६५२७९ वाला शब्द 'अंक' निघाला, फाईलमधला पहिलाच. आता तो 'अ'खाली आहे. 'अं'चं वेगळं बटण हवं होतं का, यावर घरात वाद चालू आहे.